अंगावरचं दूध काढून ठेवायचं, पण केव्हापासून?

पूर्वी बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुलीच्या ट्रंकेत काय काय असे? जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, झबली-टोपडी, बाळंतशेपा-ओव्याची पुडी आणि सासूबाईंनी आठवणीने बांधून दिलेला डिंक. आता त्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे अंगावरचं दूध काढायचा पंप! डोहाळजेवणात तो भेट म्हणूनसुद्धा येऊ लागला आहे.

वस्तू घरात आली की ती कधी एकदा वापरून पाहते असं आपल्याला होतं. नवा मिक्सर आला त्या दिवशी घरात असेल नसेल त्या सगळ्याची आपण चटणी वाटतोच की नाही? पण पंप म्हणजे मिक्सर नव्हे. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "अहो, हे सुरू केव्हा करायचं? नववा लागला की? बाळ झाल्यावर लगेच? की कामावर जायची वेळ आली म्हणजे?"

गंमत अशी की ही तिन्ही उत्तरं कुणा ना कुणाला लागू पडतात, आणि चुकीच्या बाईला लागू केली की त्रास होतो. मी डॉक्टर नाही. अर्धा दिवस शाळेत शिकवणारी आणि उरलेला दिवस घर सांभाळणारी बाई आहे. पण दोन मुलांना अंगावर पाजलं आहे, त्यातल्या धाकटीला नोकरी सांभाळून. शिवाय या विषयातल्या जाणत्या मंडळींना विचारून आणि वाचून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पान्ह्याचं गणित

आधी दूध तयार कसं होतं ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

गरोदरपणाच्या साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच छातीत चीक तयार होऊ लागतो. काहीजणींच्या पोलक्याला शेवटच्या महिन्यांत पिवळसर डाग पडतात, काहींना एक थेंबही दिसत नाही. त्यावरून पुढे दूध किती येईल याचा अंदाज बांधू नये. डाग न पडलेल्या बायकांनाही पुढे भरपूर दूध येतं.

मग खरं दूध तेव्हाच का येत नाही? तर वारेतून येणारा एक अंतःस्राव, प्रोजेस्टेरॉन, त्याला रोखून धरतो. बाळ झालं, वार पडली, की हा अडसर निघतो आणि प्रोलॅक्टिन नावाचा दूध तयार करणारा स्राव आपलं काम जोमाने सुरू करतो. म्हणूनच बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. सिझेरियन झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या बाईला कधी कधी एखादा दिवस जास्त लागतो.

तयार झालेलं दूध बाहेर सोडण्याचं काम ऑक्सिटोसिन नावाचा दुसरा स्राव करतो. यालाच आपण 'पान्हा फुटणे' म्हणतो. बाळ ओढू लागलं, रडलं, नुसतं आठवलं तरी पान्हा फुटतो. उलट दुखणं, भीती, काळजी असली की तो थोडा वेळ अडतो. दूध आटलेलं नसतं, अडलेलं असतं. हा फरक घरातल्या मोठ्या माणसांनीसुद्धा लक्षात ठेवण्यासारखा आहे. "हिला दूधच नाही" असं बाळंतिणीच्या उशाशी बसून म्हणणं हा पान्हा अडवायचा उत्तम उपाय!

पहिल्या काही दिवसांनंतर सगळा कारभार विहिरीसारखा चालतो. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की ते बुजत जातात. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं. पंपाचा उपयोग आणि पंपाचा उपद्रव, दोन्हीचं मूळ या एका नियमात आहे.

बाळ पोटात असताना

सरळ, निरोगी गरोदरपण असेल तर बाळंतपणाआधी दूध काढायची काहीही गरज नाही. "आतापासून काढलं तर नंतर जास्त येईल" हा समज खोटा आहे. वार जागेवर असताना कितीही पिळलं तरी उत्पादन वाढत नाही.

शिवाय इथे एक धोका आहे. स्तनाग्रांना चाळवलं की ऑक्सिटोसिन स्रवतं, आणि हेच ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळण्याचंही काम करतं. बाळंतपण झाल्यावर बाळाला पाजताना पोटात कळ येते ती त्यामुळेच. म्हणून आठव्या महिन्यात हौसेने पंप लावून बसणं बरं नव्हे.

मग काही डॉक्टर आधीच चीक काढून ठेवायला सांगतात, ते का? त्याचं कारण असं. आईला मधुमेह असेल, आधीचा असो की गरोदरपणात झालेला, तर जन्मलेल्या बाळाच्या रक्तातली साखर पहिल्या काही तासांत एकदम उतरू शकते. अशा वेळी वरचं दूध देण्याऐवजी आईचाच चीक हाताशी असला तर फायदा होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न आणि आसपासच्या रुग्णालयांत मधुमेह असलेल्या ६३५ गर्भवतींवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या बायकांना ३६ आठवडे झाल्यानंतर दिवसातून दोनदा हाताने चीक काढायला सांगितलं होतं. त्यांच्या बाळांना अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ इतरांपेक्षा जास्त आली नाही. पण हे लक्षात घ्या, मधुमेह सोडला तर बाकी कोणतीही गुंतागुंत नसलेल्याच बायका त्या अभ्यासात घेतल्या होत्या.

पोटातल्या बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली आहे असं सोनोग्राफीत आधीच कळलं, तरीही डॉक्टर हा सल्ला देऊ शकतात. अशा बाळाला ओढायला अवघड जातं.

पण ज्यांची आधीची बाळंतपणं दिवस भरण्यापूर्वी झाली आहेत, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे, मध्ये रक्तस्राव झाला आहे, वार खाली आहे किंवा जुळं आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनीही डॉक्टरांनी सांगितलं तरच, ३६ आठवड्यांनंतर आणि हाताने काढावं. पोट आवळल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबावं. चीक थेंबाथेंबाने येतो. पंप लावला तर ते चार थेंब नळीलाच चिकटून बसतात. हाताने काढून ते बिनसुईच्या छोट्या सिरिंजमध्ये ओढून घेतात, वर तारीख लिहितात आणि फ्रीझरमध्ये ठेवतात.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

बाळ झाल्यावर पहिल्या तासाच्या आत त्याला छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोन्ही संस्था सांगतात. सिझेरियन झालं तरीही कुणाच्या तरी मदतीने हे जमतं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरच्या जेवणाबरोबर दोन वर्षं किंवा पुढेही.

आपल्याकडे अजून काही घरांत "पहिलं दूध जड असतं, पिळून टाक" असं सांगणारी एखादी आजी भेटते. आजींना एवढंच विचारावं की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा-केशर घालून वाट्यावाट्यांनी वाटतो, मग बाईचाच चीक तेवढा वाईट कसा? बाळाच्या आतड्याला आतून अस्तर लावावं तसं काम चीक करतो. रोगांशी लढणारी प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व त्यात भरपूर असतं. पहिल्या दिवशी तो एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, आणि बाळाला तेवढाच लागतो. मध, गूळपाणी, साखरपाणी यांतलं काहीही चाटवू नये. मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला घातक ठरू शकतो.

बाळ जवळ आहे, व्यवस्थित ओढतं आहे, तर या दिवसांत पंपाला हात लावायचं काही कारण नाही. बाळासारखा पंप कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही! त्याला मागेल तेव्हा, दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावं. दूध पुरतं की नाही याची खूण पंपाच्या बाटलीत शोधू नये, लंगोटांत शोधावी. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट ओले झाले आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ पुन्हा जन्माच्या वजनावर आलं, तर दूध पुरतं आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याने घाबरू नये.

बाळ जवळ नसेल तर मात्र घड्याळ लावा

आता येते ती बाई जिला थांबून चालत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, काचेच्या पेटीत आहे किंवा इतकं अशक्त आहे की त्याला ओढता येत नाही. हिने बाळ झाल्यावर शक्यतो पहिल्या एक-दोन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत दूध काढायला सुरुवात करावी. दूध उतरलेलं नसतानाच! आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळ जणींना कुणी सांगत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या सुनेचं असंच झालं. बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब वाढला म्हणून तालुक्याच्या गावी घाईने सिझेरियन झालं. मुलगा दीड किलोचा. त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. बाप आणि आजोबा बाळाबरोबर गेले आणि ही टाक्यांसकट इकडे एकटी राहिली. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, ते साहजिकच होतं. हिला औषधं मिळाली, पेज मिळाली, "रडू नको, टाके दुखतील" एवढा धीरही मिळाला. पण छाती मोकळी कर, असं तीन दिवसांत एकाही माणसाने सांगितलं नाही. दुधाची कुणाला आठवणच नव्हती, कारण प्यायला बाळच समोर नव्हतं.

चौथ्या दिवशी तिकडच्या परिचारिकेने बापाला विचारलं, "आईचं दूध कुठाय?" तेव्हा धावपळ झाली. मावसबहिणीने मला फोन केला, मी त्या गावी गेले. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. छाती मऊ पडत चालली होती. तिथल्या एका जुन्या, अनुभवी आयांनी हाताने कसं काढायचं ते दाखवलं. पहिल्यांदा वाटीच्या तळाला चिकटेल एवढंच आलं. ती म्हणाली, "मावशी, एवढ्याशाने काय होणार?" आया म्हणाल्या, "बाळाचं पोट तरी केवढं आहे ग?" तेवढंच दूध सिरिंजमध्ये भरून, बर्फाच्या थर्मासमधून बापाने मोटरसायकलवर नेलं.

मग घड्याळ लावलं. तीन-तीन तासांनी, दिवसात आठ वेळा, त्यात रात्री दोनचं एक. पुढे तिला बाळाजवळ नेलं. मुलाला उघड्या छातीवर, कांगारूसारखं ठेवू लागले तसा पान्हा चांगला फुटू लागला. तीन आठवड्यांनी बाळाला पुरेसं दूध येऊ लागलं. मधल्या दिवसांत त्याला काही वरचं द्यावं लागलं, ते टळलं असतं तर बरं झालं असतं. पाच आठवड्यांनी दोघं घरी आली.

ही हकीकत सांगण्याचं कारण, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध म्हणजे औषधच असतं. अशा बाळांना आतड्यांचा एक गंभीर आजार होतो, त्याचं प्रमाण आईच्या दुधावरच्या बाळांत कमी असतं. पहिल्या दोन आठवड्यांत उपसा नीट झाला तर पुढचे महिने दूध टिकतं. तेच दिवस वाया गेले तर पुढे दुप्पट कष्ट पडतात.

अशा आईने चोवीस तासांत आठ ते दहा वेळा दूध काढावं, रात्री एकदा तरी, आणि मध्ये पाच तासांहून मोठी खाडी पडू देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस हातानेच काढावं. दूध उतरलं की दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप सोयीचा पडतो. पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत तो असतो, भाड्यानेही मिळतो. काढताना बाळाचं झबलं किंवा फोटो जवळ ठेवावा. त्याने खरोखर फरक पडतो.

आईचं दूध मुळीच मिळू शकत नसेल तर दूधपेढीची सोय आहे. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दान आलेलं दूध तपासून, साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून मगच ते बाळांना देतात. त्यानंतर आपल्या देशात अनेक ठिकाणी अशा पेढ्या निघाल्या. शेजारणीने प्रेमाने काढून दिलेलं दूध मात्र असं तपासलेलं नसतं, तेव्हा ते परस्पर देऊ नये.

छाती दाटली तर

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळाला तोंडात धरता येत नाही, बाळंतीण रडकुंडीला येते. अशा वेळी घरचे म्हणतात, "लाव पंप आणि कर रिकामं!" इथेच ते विहिरीचं गणित आठवा. पूर्ण उपसलं की शरीराला वाटतं इतकी मागणी आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त भरून येतं. म्हणून हाताने फक्त एवढंच काढावं की भोवतालचा काळसर भाग मऊ पडेल आणि बाळाला नीट पकडता येईल. मग पाजावं. पाजल्यावर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. जोरजोराने चोळणं आणि गरम शेकाचा मारा यांनी सूज वाढते.

एखादा भाग लाल, कडक, तापलेला लागला आणि अंगात ताप भरला तर डॉक्टरांना दाखवावं. त्या बाजूचं पाजणं बंद करू नये.

घरी असलेल्या आणि कामावर जाणाऱ्या

बाळ निरोगी आहे आणि आई घरीच आहे, तर पंप घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही. लग्नकार्याला, परीक्षेला चार तास बाहेर जायचं, एवढ्यासाठी हाताने काढलेलं दूध पुरतं. काढायचंच असेल तर निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. तोवर बाळाची मागणी आणि आईचा पुरवठा यांचा मेळ बसतो. त्याआधी रोज पंप लावला तर गरजेपेक्षा जास्त दूध तयार होऊन गाठी व्हायची भीती असते.

कामावर जाणाऱ्या बाईने रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. सकाळी छाती जास्त भरलेली असते, म्हणून सकाळचं पहिलं पाजून झालं की अर्ध्या-पाऊण तासाने एकदा काढावं. पहिल्या दिवशी दोन चमचेच आलं तर नाराज होऊ नये. बाळ नुकतंच जेवून उठलेलं असतं! शीतकपाट भरून ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवसापुरतं आणि वर एखाद्या वेळेचं, एवढा साठा पुरे. त्यानंतर आज काढलेलं उद्याला, असं चक्र चालतं. एका वेळेला बाळाला साठ ते एकशेवीस मिलिलिटरच्या दरम्यान दूध लागतं.

माझी धाकटी चार महिन्यांची असताना मी शाळेत परत रुजू झाले. तिसऱ्या तासाला कुठल्याशा वर्गातून लहान मूल रडल्यासारखा आवाज आला तरी पदर ओला व्हायचा. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत बाराजणींचे डबे उघडलेले. शेवटी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत, परीक्षानळ्यांच्या कपाटाआड मी जागा केली. शिपाईबाई दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि कुणी आलं की मोठ्याने खोकायच्या. उकळून आणलेली स्टीलची डबी, बर्फ घातलेला रुंद तोंडाचा थर्मास, एवढं माझं सामान. पंधरा-वीस मिनिटांत काम व्हायचं. पुढे दुसऱ्या दोघींनी तीच जागा वापरली, आणि मुख्याध्यापकांनी न बोलता आतून कडी बसवून दिली.

सांगायचं हे की जागा आणि वेळ मागायला लाजू नये. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेच मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजण्यासाठी वेगळी सवड दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांच्या वेळची भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली. आपल्याला यातलं काय लागू होतं, ते रजेचा अर्ज देतानाच कार्यालयात विचारून घ्यावं.

हाताने काढायची रीत

पंप असो वा नसो, ही रीत प्रत्येक बाईला यायला हवी. वीज गेली, पंप बिघडला तरी हात कुठे जात नाहीत.

हात साबणाने स्वच्छ धुवावेत. भांडं उकळून घेतलेलं असावं. अंगठा वर आणि बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी सरळ छातीच्या पिंजऱ्याकडे दाबावं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबून सोडावीत. दाबा, सोडा, दाबा, सोडा. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येणार नाही, मग थेंब आणि नंतर धार. बोटं कातडीवरून घसरवू नयेत, स्तनाग्र ओढू किंवा पिळू नये. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली, असं वीस-तीस मिनिटं करावं. दुखलं तर पद्धत चुकते आहे.

पंप घ्यायचा तर त्याचं छातीला लावायचं नरसाळं आपल्या मापाचं आहे ना, हे आधी बघा. आत स्तनाग्र घासलं तर चिरा पडतात. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध असं नसतं. रबरी फुगा दाबून चालणारा जुन्या धर्तीचा पंप घेऊ नये, त्याच्या फुग्यात दूध शिरतं आणि ते कधीच नीट धुऊन निघत नाही. प्रत्येक वेळी सुटे भाग गरम पाण्याने आणि साबणाने वेगळ्या भांड्यात धुवावेत, दिवसातून एकदा उकळावेत आणि हवेवर वाळवावेत. फडक्याने पुसू नयेत.

काढलेलं दूध ठेवायचं कसं?

पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत काढलेलं दूध चार तास राहतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, विदर्भ-मराठवाड्यात तर विशेषच, या चार तासांवर विसंबू नये, लगेच थंड जागी ठेवावं. शीतकपाटात मागच्या बाजूला चार दिवस टिकतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नये, तिथे सारखी उघडझाक होते. वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत, पण एकाच दाराच्या छोट्या शीतकपाटातल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडेच. जिथे रोज वीज जाते तिथे मोठा साठा करू नये. डबीवर तारीख आणि वेळ लिहावी, जुनं आधी संपवावं.

ठेवलेल्या दुधावर साय वेगळी दिसते. ते नासलेलं नसतं, डबी हलकेच फिरवली की मिसळतं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दूध उकळायचं नाही! आपल्या घरात दूध दिसलं की ते गॅसवर चढतं, म्हणून सासूबाईंना आणि सांभाळणाऱ्या बाईंना हे आधी समजावून सांगा. गरम पाण्याच्या वाडग्यात डबी ठेवून कोमट करावं. गोठलेलं दूध वितळल्यावर चोवीस तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. बाळाने उष्टं ठेवलेलं दोन तासांनंतर टाकून द्यावं.

पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं उत्तम. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर ओढायचा कंटाळा करतात, आणि बाटलीच्या कोपऱ्यांत जंतू राहतात. १९९२ साली झालेल्या कायद्याने दुधाच्या पावडरी आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, ती उगीच नव्हे.

फाईलला टाचायची चिठ्ठी

ज्यांच्या घरी कुणाचे दिवस भरत आले आहेत त्यांनी एवढं एका कागदावर उतरवून दवाखान्याच्या फाईलला टाचून ठेवावं.

१. गरोदरपणात: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढायचं नाही. सांगितलं तर ३६ आठवड्यांनंतर, हाताने.

२. बाळ जवळ आणि ओढतं आहे: पहिल्या तासात छातीशी. पंप नाही.

३. बाळ पेटीत किंवा दुसऱ्या गावी: सहा तासांच्या आत सुरुवात. दिवसातून आठ ते दहा वेळा, रात्रीसुद्धा.

४. छाती दाटली: मऊ पडेपर्यंतच काढायचं.

५. कामावर जायचं: तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात.

६. काही औषधं किंवा एचआयव्हीसारखा आजार असेल तर पाजण्याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं.

तिसरं कलम लाल शाईने लिहा, आणि ते आईपेक्षाही तिच्याबरोबर जाणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तशी वेळ आलीच, तर आठवण ठेवायच्या स्थितीत ती बाळंतीण नसते. ते काम आपलं.